बापाच्या नावचं वावर

मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात महसूल खात्यानं ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम सुरू केली आणि एप्रिलपासून ती राज्यभर गेली. तलाठ्यानं गावात सातबाऱ्यांचं वाचन करायचं, मयत खातेदारांची यादी करायची, वारसांकडून मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र घ्यायचं, आणि गेलेल्या माणसाचं नाव कमी करून वारसांची नावं लावायची, असं तिचं काम. खरं तर वारस नोंदीची तरतूद जुनीच आहे. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत अर्ज द्यावा, तलाठ्यानं तो गाव नमुना ६-क मध्ये चढवावा, फेरफार धरून नोटीस द्यावी, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करावी. तरीही मोहीम काढावी लागली, कारण गावोगाव जमीन एकाच्या नावावर होती, तो केव्हाच वारला होता, आणि वावर कसत होते दुसरेच.

मृत्यूनंतरची नोंद अशी मार्गी लागते. पण बाप हयात असताना मुलाचं, मुलीचं, सुनेचं नाव कागदावर कधी यावं? वऱ्हाडातली जमीन कुळाला मिळावी म्हणून कायदे झाले, भूमिहीनाला मिळावी म्हणून झाले, तुकडे पडू नयेत म्हणूनही झाले. एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती ती वेळेत जावी, यासाठी मात्र सरकारनं कधी स्वतंत्र धोरण आखलं नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात ही उणीव विशेष जाणवते. कपाशी, तूर, सोयाबीन ही एका हंगामाची पिकं. यंदा चुकलं तर पुढच्या वर्षी फेरपालट करता येते. संत्र्याचं तसं नाही. कलम लावल्यापासून भरवशाचा बहार हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर खड्डे, शेणखत, ठिबक, फवारणी, मजुरी असा नुसता खर्च. शिवाय मोर्शी-वरुड पट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की पाणी लागेलच याची खात्री नसते. एवढा पैसा आणि एवढी वर्षं जमिनीत घालायला निघालेल्या तिशीतल्या मुलाला बँक पहिला प्रश्न विचारते तो सातबाऱ्याचा. सातबारा बापाचा. सोयरिकीच्या बैठकीतही तेच विचारलं जातं: वावर किती हाय, अन् नावावर कोणाच्या हाय?

एका खात्यावर एक नाव

१८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या ताब्यात दिलं. १८६० च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. शेतांना सर्व्हे नंबर पडले, मातीची प्रत ठरली, सारा तीस वर्षांसाठी बांधला गेला. सारा भरत राहिलं की खातेदाराला जमीन विकता येई, गहाण टाकता येई, मुलाबाळांसाठी मागे ठेवता येई. त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कपाशीला कधी नव्हता तो भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे बडनेऱ्यावरून थेट नागपूरला पोचली. काळ्या जमिनीचा बाजारभाव उभा राहिला, आणि खात्यावर ज्याचं नाव त्याच्या शब्दाला घरात आणि बाजारात वजन आलं.

सरकारला सारा भरणारा एक जबाबदार माणूस हवा होता. घरात चार भाऊ आणि त्यांची मुलं राबत असली तरी कागदावर बहुधा कर्त्याचं नाव लागे. हिंदू कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क दिला होता. पण तो हक्क मोकळा करून घेणं सोपं नव्हतं. १८९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठासमोर अपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र हा खटला आला. बाप आपल्या वडिलांशी वा भावांशी एकत्र राहत असेल तर त्याच्या संमतीवाचून मुलाला स्थावराची वाटणी मागता येणार नाही, असा निकाल बहुमतानं लागला. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मात्र वेगळा निकाल लिहिला. मुलाचा हक्क जन्माचा असेल तर तो बापाच्या मर्जीवर टांगता राहू नये, असा त्यांचा कल होता. तेलंगांचं मत अल्पमतात राहिलं. एकत्र कुटुंबातल्या तरुणानं थांबावं, हे न्यायालयानंच सांगून टाकलं.

जमिनीसाठी थांबावं लागे, कर्जासाठी मात्र नाही. कपाशीच्या तेजीनंतर मंदी आली, मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. गहाण पडलेली वावरं सावकाराकडे गेली. धर्मशास्त्रानं बापाचं ऋण मुलाच्या माथी मारलं होतं आणि न्यायालयंही ते मानत होती. जमीन हाती येण्याआधीच तिच्यावरचा बोजा मुलांच्या पिढीवर पडला.

या बोज्याला पहिला मोठा हात घातला गेला तो १९३३ मध्ये. मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या विधिमंडळानं कर्ज लवादाचा कायदा केला. देशातला या प्रकारचा तो पहिलाच कायदा. त्यामागे पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख होते. १९३० पासून ते प्रांताचे मंत्री होते. लवाद मंडळानं सावकार आणि कुणबी यांना समोरासमोर बसवावं, कर्जाचा आकडा तडजोडीनं खाली आणावा, हप्ते बांधून द्यावेत, अशी त्याची योजना होती. पंजाबराव पुढे १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री राहिले. त्या कायद्यानं जमीन घरात टिकायला मदत झाली. घरातल्या घरात ती कोणाकडे कधी जावी, हा त्याचा विषय नव्हता.

बापांनी नावं लावली तो काळ

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची रांग लागली. वऱ्हाडात १९५१ चा शेतजमीन पट्ट्यांचा कायदा आला आणि मक्त्यानं कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला. १९५८ मध्ये विदर्भासाठी स्वतंत्र कुळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९६१ पासून ठरावीक कुळं कसत्या जमिनीची मालक झाली. हजारो कुटुंबांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस होता. पण त्याची दुसरी बाजू आजही मोर्शीत दिसते. एकदा कूळ लागलं की जमीन गेली, ही धास्ती मालकांच्या मनात घर करून बसली. तेव्हापासून बटई आणि मक्ता बहुतेक तोंडी चालतो. ज्याच्या घरी जमीन नाही किंवा असून नावावर नाही, तो तरुण मक्त्यानं वावर घेतो, पण त्याच्याकडे कागद नसतो. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि गारपिटीत बहार झडला तर भरपाई मालकाच्या खात्यात जमा होते. नीती आयोगानं २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला, तो याच कोंडीवर उपाय म्हणून.

तुकडेबंदीचा कायदा मुंबई प्रांतानं १९४७ मध्येच केला होता. पुढे तो विदर्भालाही लागला. ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकू नये, वाटून पाडू नये, हा हेतू रास्त होता. पण माणसाच्या मागे वारस होतच राहिले, आणि कायद्याचं क्षेत्र पुरेना तेव्हा भावांनी घरातच वाटण्या केल्या. धुरे टाकले, ज्याचं त्यानं कसायला घेतलं, कागदावर मात्र खातं सामाईक राहिलं.

संत्र्याच्या मळ्यात अशा तोंडी वाटणीचा पेच अधिकच अवघड होतो. समजा सहा एकरांचं वावर, विहीर एक, भाऊ तीन. झाडं एकाच अंतरानं, एकाच वर्षी लावलेली. धुरा टाकताना विहीर एकाच्या हिश्शात जाते, मग बाकीच्या दोघांच्या पाण्याच्या पाळ्या लावाव्या लागतात. आंबिया बहारासाठी थंडीत झाडांना ताण द्यायचा आणि मग पाणी सोडायचं, हे वेळापत्रक तिघांचं जमलं पाहिजे. एकानं आंबिया धरायचा आणि दुसऱ्यानं मृग, असं ठरलं तर पाळ्यांवरून वाद सुरू होतो. रस्त्याकडेच्या हिश्शाला ट्रक लागतो, आतल्या हिश्शाला पांधण नाही. हे सगळं मोडून नवी बाग लावायची तर तिघांच्या सह्या हव्यात. त्यातला एक पुण्याला, एक सुरतेला. मागे राहिलेला तिसरा एकटा राबतो, आणि तालुक्याच्या कार्यालयात त्याला सांगितलं जातं: सगळ्या सहहिस्सेदारांना घेऊन या.

या साऱ्या काळात एक गोष्ट घडली, तिच्याकडे धोरणकर्त्यांनी पुरेसं पाहिलं नाही. २६ जानेवारी १९६२ पासून महाराष्ट्रात कमाल जमीनधारणा कायदा अमलात आला. १९७५ मध्ये मर्यादा खूप खाली आणली गेली. कोरडवाहू जमिनीला ५४ एकर, बारमाही बागायतीला १८ एकर. आपली जमीन सिलिंगमध्ये जाणार असं दिसताच मोठ्या खातेदारांनी घाईघाईनं वाटण्या केल्या, बक्षीसपत्रं केली, मुलांच्या आणि सुनांच्या नावे जमिनी चढवल्या. इतक्या, की कायद्याला तारखा घालाव्या लागल्या. मूळ कायद्यात ४ ऑगस्ट १९५९ नंतरचे आणि दुरुस्तीत २६ सप्टेंबर १९७० नंतरचे व्यवहार संशयास्पद धरले गेले. हेतू कायदा चुकवण्याचा होता, आणि त्यात भूमिहीनांचं मोठं नुकसान झालं. तरी त्या वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली. बाप हयातीत मुलांच्या नावावर जमीन करतो, त्याला तसं करायला पुरेसं कारण मिळालं तर.

लेकी, सुना आणि हक्कसोड

स्त्रियांची वाट याहून लांबची. १९३७ मध्ये गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नानं हिंदू विधवेला पतीच्या संपत्तीत हक्क देणारा केंद्रीय कायदा झाला. १९४१ मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय आहे, तिला हा कायदा लागू नाही. गावातल्या विधवेला सर्वांत जास्त गरज ज्या मालमत्तेची, तीच त्यातून वगळली गेली. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाची सहदायाद ती नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, तोवर अविवाहित असलेल्या मुलींना, ते स्थान दिलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर ते सर्व मुलींना मिळालं. २००५ आधी वडील वारले असतील तर काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात मिटवला: मुलीचा हक्क जन्माचाच.

कायद्यानं दिलेला हा हक्क दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एका कागदावर परत घेतला जातो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. बहीण सासरहून येते, भावाचा संसार पाहते, माहेर तुटू नये म्हणून सही करते. साडीचोळी घेऊन परतते. तिचा नवरा वारला तर सासरच्या सातबाऱ्यावर सासऱ्याचं नाव असतं, आणि माहेरचा हिस्सा तिनं आपल्याच हातानं सोडलेला असतो. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या वऱ्हाडात ही स्थिती किती घरांची आहे, याची झलक महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मांडली. विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांशी बोलल्यावर दिसलं, की कसत असलेल्या जमिनीचा हक्क चाळीस टक्के स्त्रियांना मिळालेलाच नव्हता.

हयातीत नाव लावण्याचा एक उजळ प्रयोगही याच मराठी मुलखात झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. त्यातून वाढत गेलेल्या विचारातून शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ पुकारली. ज्या गावात शंभर शेतकरी जमिनीचा तुकडा खुशीनं बायकोच्या नावावर करतील, त्या गावी जोशी स्वतः जात. शेकडो गावांनी ते केलं. १९९२ मध्ये राज्य सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर विनाशुल्क लावण्याची सोय केली. सोय आजही आहे, तिच्यासाठी गावोगाव हिंडणारं मात्र आता कोणी उरलेलं नाही.

धरणात गेलेला वारसा

मोर्शीत काही घरांपुढे वाटणीचा प्रश्नच उरला नाही, कारण वाटायला जमीनच राहिली नाही. वर्धा नदीवर सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण बांधलं गेलं. १९९३ च्या सुमारास ते पूर्ण झालं. जलाशयाला नाव मिळालं नल-दमयंती सागर. अमरावती शहराचं पिण्याचं पाणी आणि खालच्या भागातलं सिंचन त्यावर चालतं. ज्यांची वावरं बुडाली त्यांना मोबदला मिळाला, आणि पुढच्या पिढीसाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला. त्या दाखल्यावर सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. घरातल्या एकानं दाखला घ्यायचा, नोकरीसाठी अर्ज करत राहायचे, आणि वयोमर्यादा संपली की तो पुढच्या मुलाच्या नावे करून घ्यायचा. जमिनीच्या वारशाची जागा दाखल्याच्या वारशानं घेतली.

मे २०२३ पासून हे प्रकल्पग्रस्त मोर्शी तहसीलसमोर ठिय्या देऊन बसले. शंभराहून अधिक दिवस उलटले, कोणी दखल घेईना. २९ ऑगस्टला ते मुंबईत पोचले आणि मंत्रालयाच्या आतल्या संरक्षक जाळीवर त्यांनी उड्या टाकल्या. वाढीव मोबदला, पर्यायी जमीन, मुलांना नोकऱ्या, या त्यांच्या मागण्या. जमीन देणारे तेव्हा बाप होते. जाळीवर उतरलेल्यांत त्यांची मुलंही होती.

नियमांतली अडचण

महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये ४९.५१ लाख वहिती खाती होती, सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर. २०१५-१६ च्या कृषिगणनेत खाती १.५२ कोटींवर गेली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यानं बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. जमीन जितकी लहान तितका तिच्यावरचा म्हाताऱ्याचा हात घट्ट. यात बापाचा दोष मानणं अन्यायाचं होईल. त्याला पेन्शन नाही, आजारपणाला वावर हाच आधार, आणि नावावर जमीन आहे तोवर घरात मान आहे. मुलानं सांभाळलं नाही तर दान परत मिळवण्याची वाट २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नं उघडली आहे. पण त्यासाठी सांभाळण्याची अट दस्तात असावी लागते, आणि म्हातारपणी मुलाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे जायची तयारी असावी लागते.

हस्तांतराचा खर्च आता फारसा आडवा येत नाही. मुलाला, मुलीला, पत्नीला, नातवंडाला शेतजमीन बक्षीस द्यायची तर २०१५ पासून राज्याचं मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं वाटणीपत्राचं नोंदणी शुल्कही माफ केलं. २०२३ च्या ‘सलोखा’ योजनेत, बारा वर्षं एकमेकांच्या जमिनीचा ताबा असलेल्या शेतकऱ्यांना नाममात्र शुल्कात अदलाबदल करता येते. दारं उघडी आहेत. पण आत यावं असं वाटायला लावणारं काही नाही, आणि मागे ओढणारे नियम मात्र आहेत. पीएम-किसान सन्मान निधीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आहे. त्यानंतर मालकी बदलली तर नव्या मालकाला लाभ नाही. अपवाद फक्त एक, खातेदाराच्या मृत्यूनं झालेला वारसा. हयातीत आपलं सगळं वावर मुलाला देणाऱ्या बापाच्या घरात म्हणून वर्षाचे सहा हजार रुपये बंद होतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली पीएम किसान मानधन योजना साठीनंतर दरमहा ३,००० रुपये देते. तिच्यात १८ ते ४० वयात सामील व्हायचं असतं, आणि जमीन १ ऑगस्ट २०१९ च्या अभिलेखात स्वतःच्या नावावर हवी. त्या वयातल्या मोर्शीच्या किती पोरांच्या नावावर सातबारा आहे?

फ्रान्सनं या प्रश्नाला १९६० च्या दशकातच हात घातला. १९६० मध्ये तिथे ‘साफेर’ या भूसंस्था उभ्या राहिल्या. विक्रीला आलेली शेतं घेऊन त्या तरुण शेतकऱ्यांना देत. १९६२ च्या कायद्यानं, जमीन पुढच्या माणसाच्या हवाली करणाऱ्या वयस्क शेतकऱ्याला आजन्म भत्ता मिळू लागला, आणि लाखो शेतकऱ्यांनी तो घेतला. जपाननं १९७० मध्ये शेतकरी पेन्शनचा कायदा केला. शेतीचा कारभार वारसाकडे सोपवणाऱ्याला जादा पेन्शन, हा त्याचा गाभा. दोन्ही देशांतली धारणा लहान होती, म्हातारे जमीन सोडत नव्हते आणि तरुण शहराकडे निघाले होते. सरकारनं म्हाताऱ्याच्या पोटाची हमी घेतली आणि मगच त्याला जमीन सोडायला सांगितलं.

वऱ्हाडात हे करायला नवा मोठा कायदा लागत नाही. पीएम-किसानमधली ही तारखेची अट आईवडिलांकडून मुलांकडे आणि पतीकडून पत्नीकडे जाणाऱ्या जमिनीपुरती काढून टाकणं केंद्राच्या कृषी मंत्रालयाच्या हातात आहे. साठीनंतर निम्मी तरी जमीन पुढच्या पिढीच्या नावे करणाऱ्याला मासिक पेन्शन देणं, आणि त्या दस्तात आईवडिलांना सांभाळण्याची अट छापील स्वरूपात घालणं राज्याला जमण्यासारखं आहे. मयतांच्या नोंदींसाठी तलाठी गावोगाव बसले; तसंच एक शिबिर जिवंत बापांसाठी घेता येईल. तिथे वाटणीपत्र, बक्षीसपत्र आणि विहिरीतल्या हिश्शाची नोंद एकाच टेबलावर व्हावी, आणि लेकींना हक्कसोडीच्या कागदाऐवजी त्यांच्या हिश्शाचा उतारा मिळावा. मोर्शीत असं शिबिर घ्यायचं तर संत्र्याचा आंबिया विकून हाती पैसा आलेला असतो आणि बाहेरगावचे भाऊ घरी आलेले असतात, ते दिवाळीच्या आगेमागेचे दिवस सोयीचे पडतील.